मोबाइलमधला व्हिडिओ कॅसेटवर कसा घ्यावा

घरात चालू अवस्थेतला व्हीसीआर आहे, जोडीला काचेच्या पिक्चर ट्यूबचा टीव्ही आहे आणि कॅसेट आत सरकवून प्ले दाबायची सवय असलेले आजी-आजोबा आहेत. नातवंडांचे व्हिडिओ मात्र सगळे फोनमध्ये. ते व्हिडिओ आजी-आजोबांच्या सवयीच्या वाटेने त्यांच्यापर्यंत पोचवता येतात. घरच्या संगणकावर आणि मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर हे काम होतं. कपाटात पडून असलेला मिनीडीव्ही कॅमकॉर्डर पुन्हा वापरात आणायचा असेल, किंवा कुटुंबाच्या संग्रहाची एक जादा प्रत टेपवर ठेवायची असेल, तरी रस्ता हाच.

या कामात बहुतेकांची गाडी अडते ती क्रम उलटा झाल्यामुळे. आधी सगळ्या क्लिप मिळेल त्या कन्व्हर्टरमधून काढायच्या, मग एडिटिंग करायचं, पुन्हा रूपांतर करायचं आणि शेवटी टेपचा विचार करायचा. यात चित्र तीन-चार वेळा दाबलं (कॉम्प्रेस केलं) जातं आणि दर वेळी थोडं खराब होतं. योग्य क्रम टेपकडून सुरू होतो. शेवटी कोणत्या टेपवर जायचं आहे ते पहिल्यांदा ठरवा, त्या टेपला लागणारी मापं कागदावर लिहून ठेवा आणि मूळ फाइलपासून तिथपर्यंत खरं रूपांतर एकदाच होईल अशी व्यवस्था करा.

टेप कोणती

घरगुती कामासाठी पर्याय दोनच उरतात. पहिली मिनीडीव्ही. ६.३५ मिलिमीटर रुंदीच्या या छोट्या टेपवर माहिती अंकीय स्वरूपात नोंदली जाते आणि एसपी, म्हणजे नेहमीच्या, वेगाने ६० मिनिटं मावतात. एलपी, म्हणजे संथ, वेगाने ९० मिनिटं मावतात, पण एलपीतलं रेकॉर्डिंग दुसऱ्या कॅमेऱ्यात नीट चालेलच असं नसतं, म्हणून मी एलपी कुणालाच सुचवत नाही. दुसरी व्हीएचएस. तिची टेप १२.७ मिलिमीटर रुंद असते, रेकॉर्डिंग अ‍ॅनालॉग होतं आणि आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीत ई-१८० कॅसेटवर एसपी वेगाने तीन तास मावतात.

दोन्हींच्या स्पष्टतेत मोठा फरक आहे. डीव्हीमध्ये, म्हणजे मिनीडीव्हीवर नोंदल्या जाणाऱ्या अंकीय स्वरूपात, आडव्या दिशेला सुमारे ५०० रेषांचा तपशील टिकतो, व्हीएचएसमध्ये साधारण २४० रेषांचा. त्यामुळे शेवटी व्हीएचएसच हवी असली तरी मास्टर प्रत डीव्ही मापातच करा. तीच फाइल मिनीडीव्हीवरही जाईल, व्हीएचएसवरही जाईल आणि हार्डडिस्कवर राहील ती वेगळी.

व्हीएचएसचे व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आज मिळणारं प्रत्येक यंत्र जुनं आहे. म्हणून संगणकावर एक मिनिटही घालवण्याआधी व्हीसीआर किंवा कॅमकॉर्डर नुसता दाखवतो की रेकॉर्डही करतो, ते एखाद्या बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर पाहून घ्या. अनेक जुनी यंत्रं प्ले छान करतात, पण रेकॉर्डिंगला उभी राहत नाहीत.

डीव्हीची मापं

पाल डीव्हीची मापं ठरलेली आहेत, त्यात तडजोड चालत नाही. चित्र ७२० गुणिले ५७६. सेकंदाला २५ फ्रेम. प्रत्येक फ्रेम दोन फील्डची, म्हणजे एका फील्डमध्ये एकाआड एक ओळी आणि दुसऱ्यात उरलेल्या. त्यातही खालचं फील्ड आधी. आवाज दोन चॅनेलचा, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट. यातली एखादी गोष्ट वेगळी असली तर कॅमकॉर्डर फाइल घेत नाही, किंवा घेतो आणि चित्र थरथरतं.

डीव्हीमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे दाबलेली असते, शेजारच्या फ्रेमवर ती अवलंबून नसते. पालच्या एका फ्रेमला आवाजासकट बरोबर १,४४,००० बाइट लागतात. म्हणजे सेकंदाला ३.६ मेगाबाइट आणि तासाला साधारण १३ गिगाबाइट. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण त्यावरून फाइल तपासता येते. दहा मिनिटांची कच्ची डीव्ही फाइल २.१६ गिगाबाइटच्या आसपास हवी. ती ४०० मेगाबाइट भरली, तर सॉफ्टवेअरने डीव्हीऐवजी दुसरंच काहीतरी बनवलं आहे.

जागेचा एक अडसर इथेच सांगतो. एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर किंवा डिस्कवर ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणजे डीव्हीची सुमारे १९ मिनिटं झाली की काम बंद पडतं. डिस्क एनटीएफएसची घ्या.

फाइल गोळा करा, मग तपासा

नातेवाइकांकडून व्हिडिओ मागवताना ते व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे पाठवू देऊ नका. तिथे पाठवतानाच ते दाबले जातात. 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' किंवा 'ड्राइव्हवर टाकून लिंक दे' एवढं सांगितलं की मूळ फाइल हातात येते. सगळ्या क्लिप एका फोल्डरमध्ये ठेवा, नावापुढे तारीख घाला आणि त्या फोल्डरला पुढे हात लावू नका. काम करायचं ते त्याच्या प्रतींवर.

मग मीडियाइन्फो हे छोटं मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि प्रत्येक प्रकारची एकेक फाइल त्यात उघडून चार गोष्टी पाहा: फ्रेमचा वेग, तो स्थिर आहे की बदलता, चित्र प्रोग्रेसिव्ह (पूर्ण फ्रेमचं) आहे की इंटरलेस्ड (दोन फील्डचं), आणि आवाज किती किलोहर्ट्झचा आहे. घरच्या संग्रहात साधारणपणे हे प्रकार सापडतात.

फोनच्या फाइल बहुधा ३० किंवा ६० फ्रेमच्या असतात आणि त्यांचा वेग बदलता असतो. अंधार झाला की फोन स्वतःच फ्रेम कमी करतो. अशी फाइल थेट एडिटिंगला घेतली की दहा-पंधरा मिनिटांनंतर ओठ आणि आवाज यांची फारकत होऊ लागते. नव्या आयफोनच्या फाइल एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला नोंदणाऱ्या, असू शकतात. त्या साध्या रूपांतरात फिकट आणि धुरकट दिसतात.

जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या एव्हीआय फाइल बहुतेक मोशन-जेपेगच्या, ६४० गुणिले ४८० मापाच्या, ३० फ्रेमच्या असतात. त्या सोप्या.

साधारण २००८ नंतरच्या हँडीकॅमच्या एमटीएस फाइल म्हणजे एव्हीसीएचडी. त्या १०८० ओळींच्या, इंटरलेस्ड आणि वरचं फील्ड आधी असलेल्या असतात. डीव्हीला खालचं फील्ड आधी लागतं. हा एवढासा फरक दुर्लक्षित राहिला, तर धावणारं मूल एक पाऊल पुढे, अर्धं मागे असं हलताना दिसतं. संगणकाच्या पडद्यावर हा दोष बहुतेकदा कळतच नाही, टेप टीव्हीवर लावल्यावरच कळतो. लग्नाच्या डीव्हीडीतून काढलेल्या फाइलींचीही फील्डची बाजू बहुधा अशीच असते.

वेग आणि फील्ड

या सगळ्या खटाटोपात निगुतीने करण्याचा भाग हाच आहे. रंग थोडा कमी-जास्त झाला तरी डोळा सांभाळून घेतो. चाल अडखळली तर तो सांभाळून घेत नाही.

३० फ्रेमचा व्हिडिओ २५ वर आणताना सॉफ्टवेअर दर सहा फ्रेममधली एक टाकून देतं. म्हणजे सेकंदातून पाच वेळा बारीकसा झटका. माणूस बसून बोलत असेल तर तो जाणवत नाही. कॅमेरा सभागृहावरून फिरत असेल किंवा लेझीम चालू असेल तर स्पष्ट जाणवतो. यावर उत्तम उपाय चित्रीकरणाच्या वेळचा आहे. टेपवर जाणार हे आधी माहीत असेल, तर फोन २५ किंवा ५० फ्रेमवर लावा. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट दाखवण्याचा पर्याय आहे, तो चालू केला की २५ फ्रेम मिळतात. अँड्रॉइडवर काही वेगळी कॅमेरा अ‍ॅप वेग निवडू देतात. याचा दुसराही फायदा आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटच्या आणि काही एलईडीच्या उजेडात ३० फ्रेमवर जे पट्टे सरकताना दिसतात ते २५ किंवा ५० वर दिसत नाहीत.

आधीच घेतलेल्या व्हिडिओसाठी दोन मार्ग आहेत.

सोपा मार्ग असा: सगळं २५ फ्रेमवर आणायचं आणि प्रत्येक पूर्ण फ्रेम दोन फील्डमध्ये वाटून टाकायची. दोन्ही फील्ड एकाच क्षणाची असल्याने फील्डच्या क्रमाची भानगड राहत नाही. चाल थोडी सिनेमासारखी दिसते, टीव्हीच्या कार्यक्रमासारखी सलग दिसत नाही. घरगुती समारंभाला हे पुरेसं आहे. नव्याने शिकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

कष्टाचा मार्ग ५० किंवा ६० फ्रेमच्या फाइलींसाठी आणि एव्हीसीएचडीसाठी आहे. यात सेकंदाचे ५० वेगवेगळे क्षण टेपवर पोचतात आणि हालचाल अगदी सलग दिसते. त्यासाठी एफएफएमपेग हे आज्ञा टाइप करून चालवायचं मोफत सॉफ्टवेअर लागतं आणि फिल्टरांचा क्रम काटेकोर लागतो. फाइल इंटरलेस्ड असेल तर आधी डीइंटरलेस करा, तेही प्रत्येक फील्डमागे एक पूर्ण फ्रेम देणाऱ्या रीतीने. त्यासाठी यादिफ किंवा बीडब्ल्यूडिफ हे फिल्टर आहेत. मग वेग ५० वर आणा. मग चित्र लहान करून ७२० गुणिले ५७६ करा. त्यानंतर इंटरलेस फिल्टर लावा, खालचं फील्ड आधी हे त्याला स्पष्ट सांगा आणि शेवटी एफएफएमपेगमधलं पाल-डीव्ही हे तयार टार्गेट द्या. चित्र लहान करण्याचं काम इंटरलेस करण्याच्या आधीच व्हायला हवं. इंटरलेस केलेलं चित्र उभ्या दिशेने दाबलं, तर दोन क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि हलत्या माणसाच्या कडांना कंगव्याच्या दातांसारखे दाते दिसतात. ते नंतर कशानेही जात नाहीत.

पण हा मार्ग घेतलात, तर एडिटिंगही फील्ड सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच करा, किंवा एडिटिंग आधी ५० फ्रेमवर पूर्ण करून इंटरलेस अगदी शेवटी करा. मी दुसरी रीत वापरतो.

एडिटिंग

खाली शॉटकट हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर गृहीत धरलं आहे. ते मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं आणि डीव्ही बनवू शकतं.

प्रोजेक्ट सुरू करताना व्हिडिओ मोड एसडी पाल निवडा. हा चार-तीन प्रमाणाचा, २५ फ्रेमचा मोड आहे. टीव्ही रुंद पडद्याचा असेल तर त्याच यादीतला वाइडस्क्रीन पाल घ्या. दोन्हींमध्ये फाइल ७२० गुणिले ५७६ चीच राहते, फक्त ठिपक्यांचा आकार वेगळा धरला जातो. (कष्टाच्या मार्गाने जाणाऱ्यांनी मात्र इथे ५० फ्रेमचा मोड घ्यावा, चित्र पडद्याच्या प्रमाणातच बसवावं, आणि एक्सपोर्ट डीव्हीऐवजी लॉसलेस (दर्जा न घटवता) करून ती फाइल एफएफएमपेगला द्यावी.)

बदलत्या वेगाची फाइल उघडली की शॉटकट ती एडिटिंगला सोयीची करून घ्यायची का असं विचारतं. हो म्हणा आणि मधला, डीएनएक्सएचआरचा पर्याय घ्या. फाइल मोठी होते, पण या दर्जात नुकसान डोळ्याला दिसत नाही. म्हणून मघाशी म्हटलेल्या 'एकदाच रूपांतर' या नियमाला बाध येत नाही. एचडीआर फाइल असेल तर साध्या रंगात आणायचं कामही याच टप्प्यावर करा.

आता चौकट. फोन आडवा धरून घेतलेलं सोळा-नऊचं चित्र चार-तीनच्या टीव्हीवर बसवलं की ५७६ पैकी ४३२ ओळी चित्राला मिळतात आणि वर-खाली ७२ ओळींच्या काळ्या पट्ट्या येतात. हे ठीक आहे. डावी-उजवी बाजू थोडी कापून चित्र मोठं करणंही ठीक आहे, विशेषतः चेहरा मधोमध असेल तेव्हा. उभ्या व्हिडिओची अडचण खरी आहे. तो पूर्ण दाखवला तर पडद्याच्या रुंदीच्या जेमतेम ४२ टक्के जागा व्यापतो आणि आजीला नातवाचा चेहरा दिसेनासा होतो. अशा वेळी वर-खाली कापून चेहऱ्याभोवती चौकट बांधा, किंवा एकाच प्रसंगाचे दोन उभे व्हिडिओ शेजारी-शेजारी ठेवा. मागे तोच व्हिडिओ धूसर करून भरायची टीव्ही चॅनेलांची पद्धत व्हीएचएसवर नको. व्हीएचएसमध्ये त्या धूसर भागात रंगांची नुसती चळवळ दिसते.

शीर्षकांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण देवनागरीचा इथे खास प्रश्न आहे. इंटरलेस्ड टीव्हीवर एकाच ओळीइतकी बारीक आडवी रेघ फक्त एका फील्डमध्ये येते, म्हणून ती सेकंदाला २५ वेळा दिसते आणि नाहीशी होते. आपली शिरोरेषा नेमकी आडवी रेघ आहे. बारीक वळणाच्या फॉन्टमध्ये अख्खं नाव लुकलुकतं आणि वाचणाऱ्याचे डोळे शिणतात. म्हणून जाड फॉन्ट घ्या, शिरोरेषा निदान चार ओळी जाडीची येईल इतका आकार ठेवा आणि अक्षरांवर उभ्या दिशेने अगदी हलका ब्लर द्या. संगणकावर तो किंचित पुसट वाटेल, टीव्हीवर अक्षर स्थिर उभं राहील.

दुसरं असं की ट्यूबचा टीव्ही चित्राच्या कडा कापतो. मजकूर मधल्या ८० टक्के भागात ठेवावा असा जुना नियम आहे. देवनागरीत वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार असतात, त्यामुळे ओळ मोजताना त्यांच्यासकट मोजा. खालच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीत 'कुलकर्णी'चा उकार कापला गेला की सगळी मेहनत उणी दिसते. स्थिर फोटोंनाही, विशेषतः पैठणीच्या काठांचे, जाळीचे किंवा पायऱ्यांचे फोटो असतील तर, तोच हलका उभा ब्लर द्या.

रंग आणि आवाज

व्हीएचएस रंग फार ढोबळपणे साठवते आणि त्यात लाल सर्वांत आधी फुटतो. लाल शालू, कुंकू, गुलाल यांचा रंग उजवीकडे ओघळल्यासारखा दिसतो. आपल्या समारंभांत लालच जास्त. संपूर्ण चित्राचं सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) दहा-पंधरा टक्के उतरवा, आणि लाल रंग फारच भडक असेल तिथे तेवढा लाल वेगळा उतरवा. पांढऱ्याची कमाल मर्यादाही सांभाळा. फोनमधलं लखलखीत पांढरं धोतर टेपवर तपशीलाशिवाय नुसता पांढरा डाग होतं, म्हणून उजळ भाग थोडा खाली ओढा. मिनीडीव्हीपुरतं काम असेल तर हे सगळं निम्म्याने करा.

आवाजाची सर्वांत मोठी उसळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. साध्या, हाय-फाय नसलेल्या व्हीसीआरमध्ये आवाज आपोआप कमी-जास्त करणारं सर्किट असतं. सनईनंतर एकदम शांतता आली की ते आवाज चढवतं आणि खरखर ऐकू येते. त्यामुळे दोन प्रसंगांमध्ये पूर्ण शांतता ठेवण्यापेक्षा मागचा आवाज हळूहळू मिटवत न्या.

एक्सपोर्ट

शॉटकटच्या एक्सपोर्ट यादीत कॅमकॉर्डर या गटात डीव्ही एसडी पालचा पर्याय आहे. तो निवडल्यावर आतल्या सेटिंग बदलू नका. कार्यक्रमाच्या सुरुवातीला ३० सेकंद आणि शेवटी निदान एक मिनिट काळा पडदा आधीच ठेवलेला असू द्या. टेपची पहिली काही सेकंदं सर्वांत जास्त ताण सोसतात, तिथे चित्र ठेवू नये. शेवटचा काळा भाग कॅसेटवरचं जुनं रेकॉर्डिंग एकदम उसळून येऊ देत नाही.

तयार फाइलच्या नावाला .dv ही शेपटी असेल आणि टेपवर पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरला एव्हीआय हवी असेल, तर पुन्हा रूपांतर करू नका. एफएफएमपेगमध्ये चित्र आणि आवाज दोन्हींना कॉपी सांगून फक्त वेष्टन बदला. काही क्षणांत टाइप-२ प्रकारची एव्हीआय मिळते आणि दर्जात काडीचाही फरक पडत नाही.

पूर्ण कार्यक्रम एक्सपोर्ट करण्याआधी दोन मिनिटांचा नमुना बनवा. त्यात फिरता कॅमेरा, भडक लाल, एक शीर्षक आणि एक बोलणारा चेहरा असू द्या. तो टेपवर घेऊन ज्या टीव्हीवर तो बघितला जाणार आहे त्याच टीव्हीवर पाहा.

मिनीडीव्हीवर नोंद

इथे फायरवायर ही कॅमेरा आणि संगणक जोडायची जुनी जोडणी लागते, यूएसबी नाही. बहुतेक मिनीडीव्ही कॅमेऱ्यांचं यूएसबी पोर्ट फोटो उतरवायला किंवा हलक्या दर्जाच्या चित्रासाठी असतं. एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला फायरवायर अशी स्वस्त केबल बाजारात दिसते. तिच्यात फक्त तारा जोडलेल्या असतात, तिने काम होत नाही. पैसे घालवू नका.

डेस्कटॉपला पीसीआय एक्सप्रेसचं फायरवायर कार्ड हा खात्रीचा मार्ग. विंडोज ७ नंतरच्या आवृत्त्यांमध्ये कार्ड ओळखलं गेलं तरी कॅमेरा दिसत नाही असं होतं. तेव्हा मायक्रोसॉफ्टचा १३९४ लेगसी ड्रायव्हर घालून डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो निवडावा लागतो. मॅकवर थंडरबोल्टपासून फायरवायरपर्यंत अ‍ॅडॉप्टरची साखळी चालायची, पण २०२५ मध्ये आलेल्या मॅकओएस टाहोमध्ये अ‍ॅपलने फायरवायरचा आधार काढून टाकला. जुना मॅक असेल तर त्याची प्रणाली अद्ययावत करण्याचा मोह टाळा.

मग कॅमेऱ्याचं पोर्ट नीट पाहा. त्यावर 'डीव्ही इन/आउट' लिहिलेलं हवं. युरोपात विकल्या गेलेल्या अनेक पाल कॅमेऱ्यांमध्ये डीव्ही आत घेण्याची सोय कंपन्यांनीच बंद ठेवलेली असे, कारण बाहेरून रेकॉर्ड करू शकणारं यंत्र तिथे व्हिडिओ रेकॉर्डर धरलं जाई आणि त्यावर जास्त आयातशुल्क लागे. कुणी लंडनहून किंवा जर्मनीहून आणलेला कॅमेरा असेल तर हे आधी तपासा. त्यावर फक्त 'डीव्ही आउट' असेल तर संगणकाकडून टेपवर काहीच लिहिलं जाणार नाही.

जोडणी करताना कॅमेरा आणि संगणक दोन्ही बंद ठेवा. संगणकाकडच्या सहा पिनच्या पोर्टमधून वीज वाहते आणि प्लग उलटा दाबून बसवला तर कॅमेऱ्याचं पोर्ट जळू शकतं. कॅमेरा बॅटरीवर न ठेवता अ‍ॅडॉप्टरवर लावा, व्हीसीआर किंवा प्ले मोडमध्ये घ्या, कॅसेटच्या पाठीवरची छोटी खिट्टी रेककडे सरकवा. नवी कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन पुन्हा मागे आणली की टेपचा ताण सारखा होतो.

विंडोजवर विनडीव्ही हे जुनं आणि अगदी छोटं सॉफ्टवेअर या कामाला पुरेसं आहे. त्यातल्या रेकॉर्डच्या भागात फाइल द्या आणि सुरू करा. काम चालू असताना संगणकावर दुसरं काही करू नका, इंटरनेट आणि अँटिव्हायरस बंद ठेवा. सेकंदाला ३.६ मेगाबाइट हा वेग आजच्या संगणकाला किरकोळ आहे, पण टेप थांबत नाही. क्षणभर खंड पडला तरी टेपवर चौकटी उमटतात.

व्हीएचएसवर नोंद

मिनीडीव्ही कॅमेरा असेल तर उत्तम वाट तीच. डीव्ही टेप कॅमेऱ्यात चालवायची आणि पिवळ्या, पांढऱ्या, लाल आरसीए केबलने व्हीसीआरच्या मागच्या 'इन'मध्ये द्यायची. एस-व्हिडिओची सोय दोन्हीकडे असेल तर चित्रासाठी पिवळ्याऐवजी ती वापरा. कॅमेऱ्याच्या पडद्यावरची तारीख आणि काउंटर बंद करायला विसरू नका, नाहीतर तेही कॅसेटवर उमटतं.

कॅमेरा नसेल तर लॅपटॉप आणि एचडीएमआयचं एव्ही करणारी छोटी पेटी चालते. विकत घेताना दिशा पाहा. एव्हीचं एचडीएमआय करणारी पेटी दिसायला अगदी सारखी असते, पण ती उलटं काम करते. पेटीवर पाल-एनटीएससी असं बटण असतं (एनटीएससी ही अमेरिकेतली टीव्ही-पद्धत), ते पालवर ठेवा. तिला यूएसबीची ५ व्होल्ट वीज द्या. लॅपटॉपचा डिस्प्ले ५० हर्ट्झवर लावा, ६० वर ठेवला तर २५ फ्रेमचा व्हिडिओ पुन्हा अडखळतो. या पेट्या सोळा-नऊचं चित्र सहसा चार-तीनमध्ये दाबून पाठवतात आणि माणसं उंच-बारीक दिसतात. तसं झालं तर व्हीएलसी या प्लेअरमध्ये प्रमाण बदलून चित्र तेवढंच रुंद करा आणि टीव्हीवर पाहून ठरवा. आवाजाचं आउटपुट एचडीएमआय निवडा, स्क्रीनसेव्हर, नोटिफिकेशन आणि सिस्टिमचे आवाज बंद करा.

व्हीसीआरवर इनपुट एव्ही किंवा लाइन निवडा, वेग एसपी ठेवा. कॅसेटची रेकॉर्डिंगची खिट्टी तुटलेली असेल तर त्या खाचेवर सेलोटेप लावावी लागते. आधी टेप दहा सेकंद पुढे घ्या, मग व्हीसीआर रेकॉर्ड सुरू करा, आणि पाच सेकंदांनी व्हिडिओ चालू करा. पहिली पाच मिनिटं झाली की थांबून, मागे जाऊन आवाज दोन्ही बाजूंनी येतोय ना ते ऐका. तीन तासांनंतर कळण्यापेक्षा हे बरं.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी तिथल्या व्हीसीआरसाठी हे करायचं असेल तर सगळी मापं एनटीएससीची घ्यावीत: ७२० गुणिले ४८०, सेकंदाला २९.९७ फ्रेम, आणि कॅसेट टी-१२०, म्हणजे एसपीवर दोन तास. त्यांच्या फोनचे ३० फ्रेमचे व्हिडिओ तिथे विनाझटका बसतात. मात्र ती कॅसेट पुण्यातल्या फक्त पाल व्हीसीआरवर चालणार नाही. इकडे पाठवायची असेल तर टेप पाठवू नये, मूळ फाइल पाठवावी आणि रूपांतर इथे करावं.

बुरशी आणि साठवण

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात टेपचा खरा शत्रू बुरशी. जुनी कॅसेट पुन्हा वापरणार असाल तर झाकण उघडून उजेडात टेपच्या गुंडाळीची कड पाहा. पांढुरके ठिपके किंवा धागे दिसले तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, बुरशी हेडवर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. थंडगार एसी खोलीतून दमट हवेत आणलेला कॅमकॉर्डर लगेच चालू करू नका. पडद्यावर थेंबाची खूण आली तर ओल सुकेपर्यंत तास-दोन तास कॅसेट काढून उघडा ठेवा.

काम झालं की मिनीडीव्हीची खिट्टी सेव्हकडे सरकवा, व्हीएचएसची खिट्टी तोडा. कॅसेट पूर्ण मागे घेऊन, डबीत घालून, पुस्तकासारखी उभी ठेवा. सिलिका जेलची पुडी घातलेल्या घट्ट डब्यात ठेवली तर पावसाळा निभावतो, पुडी मात्र दर वर्षी बदला. स्पीकर आणि इन्व्हर्टरपासून दूर ठेवा. लेबलवर प्रसंग आणि वर्ष यांच्याबरोबर पाल, एसपी आणि एकूण मिनिटं लिहा. शॉटकटची प्रोजेक्ट फाइल, मूळ क्लिपचा फोल्डर आणि डीव्ही मास्टर हे तिन्ही दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. व्हीएचएस वापरून झिजली की डीव्ही मास्टरवरून नवी कॅसेट एका दुपारी भरता येते.